पल्लना नदीतील काळरात्र

केरळचा किनारा नकाशात पाहिला, तर समुद्राला समांतर अशी पाण्याची दुसरी एक ओळ दक्षिणोत्तर गेलेली दिसते. समुद्र आणि जमीन यांच्यामध्ये वाळूची एक अरुंद पट्टी. तिच्या आतल्या बाजूस खाऱ्या-गोड्या पाण्याची विस्तीर्ण सरोवरे. मलयाळी लोक त्यांना 'कायल' म्हणतात. कोल्लमजवळ अष्टमुडी, त्याच्या उत्तरेस कायंकुळम, आणि आलप्पुळा शहर ओलांडले की वेंबनाड. ही सरोवरे नद्यांनी व कालव्यांनी एकमेकांस जोडली गेल्यामुळे त्रावणकोर संस्थानात पाण्याचा एक राजरस्ताच तयार झाला होता. आपल्याकडे कोकणात एका गावाहून दुसऱ्या गावाला जावयाचे तर खाडी आडवी येते व तरीची वाट पाहावी लागते. तेथे पाणी आडवे येत नसे, तेच वाट होऊन पुढे जात असे. मिरी, सुके खोबरे, काथ्या, भात, विद्यार्थी, वकील, भिक्षुक, वऱ्हाडी, सर्वांना हाच मार्ग. कोल्लम आणि आलप्पुळा ही दोन्ही मोठी व्यापारी गावे, परंतु त्यांना जोडणारी किनाऱ्यालगतची रेल्वे १९२४ साली नव्हती. ती यावयास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. तोपर्यंत उतारूने रात्री बोटीत पथारी टाकावी, वल्ह्यांऐवजी एंजिनाचा घरघराट ऐकत झोपी जावे आणि उजाडता पैलगावी उतरावे, ही नित्याची रीत होती.

या जलमार्गावर तृक्कुन्नपुळा व तोट्टप्पळ्ळी या गावांच्या दरम्यान पल्लना नावाचे लहानसे गाव आहे. सरोवराचा ऐसपैस विस्तार तेथे नाही. पात्र अरुंद आहे, वळणे आहेत आणि दोन्ही काठांवर नारळी पाण्यावर वाकलेल्या आहेत. १६ जानेवारी १९२४ च्या रात्री याच ठिकाणी 'रिडीमर' नावाची एक यांत्रिक बोट उलटली. वीसांहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या इंग्रजी नावाचा अर्थ 'तारणहार' असा आहे. नाव ठेवणाऱ्याने ते अर्थातच भाविकपणे ठेवले असेल.

त्या रात्री बोटीत गर्दी असण्यास एक कारण होते. त्रिवेंद्रम येथील श्रीपद्मनाभस्वामींच्या मंदिरात दर सहा वर्षांनी 'मुरजप' नावाचा सोहळा होतो. छप्पन्न दिवस वेदपठण चालते आणि मकरसंक्रांतीच्या सुमारास 'लक्षदीप' म्हणजे लाख दिव्यांच्या आराशीने त्याची सांगता होते. अठराव्या शतकात राजा मार्तंडवर्म्याने ही प्रथा घातली. गावोगावचे नंबूदिरी ब्राह्मण त्यासाठी राजधानीत जमत. त्यांच्या भोजनाचा व दक्षिणेचा भार संस्थान उचलीत असे. १९२४ च्या जानेवारीत हा सोहळा नुकताच आटोपला होता. दिवे पाहून परतणाऱ्यांची रीघ लागली होती, आणि बोटवाल्यांच्या दृष्टीने असे दिवस म्हणजे सुगीचे. चढेल त्याला चढू दिले गेले. बोटीत तिच्या मर्यादेपेक्षा पुष्कळच अधिक माणसे होती.

त्या माणसांत एक असा होता की ज्याला लक्षदीपाच्या मंदिरात पाऊल टाकण्याचा अधिकार नव्हता. वास्तविक त्रावणकोरच्या कायदेमंडळात तो सभासद म्हणून बसलेला होता, इंग्लंडच्या युवराजांच्या हस्ते १९२२ साली मद्रासेस त्याचा सन्मान झालेला होता, आणि मलयाळी भाषेच्या आजच्या कवितेचा तो एक जनक होता. परंतु तो ईळव जातीत जन्मला होता. या गृहस्थाचे नाव कुमारन आशान.

ईळव हा केरळातील फार मोठा समाज. आपल्या कोकणातील भंडारी समाजाप्रमाणे त्याचा माडाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध: माडी काढणे, काथ्या वळणे, शेती करणे. त्याच समाजात वैद्यकाची व संस्कृताची परंपराही होती, ही गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. इतके असून त्यांना सरकारी शाळांचे व कचेऱ्यांचे दरवाजे जवळजवळ बंद होते. डॉ. पल्पू हे ईळव समाजातील गृहस्थ मद्रासेस वैद्यक शिकून आले, तरी स्वतःच्या संस्थानात त्यांना नोकरी मिळाली नाही. शेजारच्या म्हैसूर संस्थानाने त्यांना ठेवून घेतले, आणि बंगळूरच्या प्लेगात त्यांनी जिवावर उदार होऊन काम केले. १८९६ साली ईळवांनी महाराजांकडे एक अर्ज केला. त्यावर १३,१७६ सह्या होत्या. मागणी काय, तर आमच्या मुलांना शाळा द्या व शिकल्यावर नोकरी द्या. या अर्जाचा फारसा उपयोग झाला नाही.

अशा काळात, १८७३ साली, त्रिवेंद्रमच्या उत्तरेस कायिक्करा नावाच्या समुद्रकाठच्या खेड्यात कुमारन यांचा जन्म झाला. 'आशान' हे आडनाव नव्हे. 'आचार्य' या शब्दाचे ते मलयाळी रूप असून त्याचा अर्थ मास्तर, आपल्या जुन्या बोलीत पंतोजी. मुले शिकवीत म्हणून लोक तसे म्हणू लागले आणि ते नाव कायमचे चिकटले. एका शिक्षकाचा हुद्दा महाकवीच्या नावाचा भाग होऊन राहावा, ही शिक्षकवर्गाला सुखावणारी गोष्ट आहे.

तरुण वयात त्यांची श्रीनारायण गुरूंशी गाठ पडली. १८८८ साली अरुविप्पुरम येथे ज्यांनी स्वतःच्या हाताने शिवलिंगाची स्थापना करून, देव स्थापण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाला कृतीने उत्तर दिले, ते हे गुरू. त्यांनी या मुलातील तेज ओळखले. डॉ. पल्पूंनी आपल्या आश्रयाखाली त्यांना बंगळुरास शिकावयास ठेवले. पुढे मद्रास, आणि तेथून कलकत्त्याचे संस्कृत कॉलेज. कलकत्त्यात प्लेगाची साथ आली व शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. प्लेगाने अनेकांचे अभ्यास असे मोडले, हे पुण्यामुंबईच्या जुन्या कुटुंबांस सांगावयास नको. परंतु बंगालमध्ये त्यांनी जे पाहिले ते वाया गेले नाही. १९०३ साली श्रीनारायण धर्म परिपालन योग ही संस्था निघाली व आशान तिचे पहिले चिटणीस झाले. पुढील सुमारे सोळा वर्षे हिशेब, पत्रव्यवहार, सभा, वर्गणी, तंटे, अर्जविनंत्या या सर्व नीरस कामांचे ओझे या कवीने वाहिले. संस्थेचे 'विवेकोदयम' हे मासिकही त्यांनीच चालविले. कवी हा व्यवहारात निरुपयोगी असतो अशी जी समजूत आहे तिला हा माणूस अपवाद होता. उतारवयात त्यांनी आलुव्याजवळ कौलांचा कारखानासुद्धा काढला.

आणि या सर्व खटपटीतून कविता. १९०७ साली 'वीण पूवु' म्हणजे 'गळून पडलेले फूल' हे त्यांचे अवघ्या एक्केचाळीस श्लोकांचे काव्य प्रसिद्ध झाले. फूल उमलले, वाऱ्यावर डोलले, कोमेजले आणि भुईवर पडले, विषय एवढाच. परंतु त्या दिवसापासून मलयाळी काव्याने शृंगारिक वर्णनांची जुनी कात टाकली, असे तेथील जाणकार मानतात. पुढे 'नलिनी', 'लीला', सीतेच्या मनातील आंदोलनांवरील 'चिंताविष्टयाय सीता' ही काव्ये आली. संस्कृत परंपरेप्रमाणे महाकवी म्हणवून घेण्यास महाकाव्य लिहावे लागते. आशानांनी ते कधी लिहिले नाही, आणि तरीही केरळात त्यांना महाकवीच म्हणतात.

१९२२ साली त्यांची दोन काव्ये निघाली, आणि त्यांनी पुष्कळांची झोप उडविली. मलबारात १९२१ साली जे बंड झाले त्याच्या पार्श्वभूमीवर 'दुरवस्था' लिहिले आहे. त्यात एक नंबूदिरी कन्या जीव वाचविण्यासाठी पुलय जातीच्या मजुराच्या झोपडीत आश्रय घेते व अखेर त्याच्याशी विवाह करते. पुलय म्हणजे ईळवांनीही ज्यांना दूर ठेवावे अशी जात. हे लक्षात घेतले म्हणजे कवी केवळ आपल्या जातीचे गाऱ्हाणे गात नव्हता, हे ध्यानात येईल. 'चंडालभिक्षुकी' हे दुसरे. तहानलेला बौद्ध भिक्षू आनंद विहिरीवरच्या चांडाल मुलीजवळ पाणी मागतो, ती कचरते, आणि तो म्हणतो की मला पाणी हवे आहे, जात विचारलेली नाही. या काव्यानंतर पाचच वर्षांनी महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. दोन प्रांतांत, एकमेकांची भाषा न कळणाऱ्या दोन समाजांत, एकाच वेळी पाण्याच्या घोटाचा प्रश्न उभा होता.

१९२३ साली आलेले 'करुणा' हे त्यांचे अखेरचे काव्य. मथुरेची गणिका वासवदत्ता उपगुप्त भिक्षूला पुनःपुन्हा बोलावणे धाडते. 'अजून वेळ आली नाही' हे त्याचे उत्तर. ती हातपाय तोडलेल्या अवस्थेत स्मशानात पडते, तेव्हा तो येतो. हे काव्य 'नतोन्नत' वृत्तात आहे. केरळात हेच वृत्त 'वंचिप्पाट्टु'चे, म्हणजे नावाड्यांच्या गाण्याचे. वल्ह्यांच्या खालीवर होण्याबरोबर त्याची लय चालते. त्या रात्री बोटीत सहप्रवाशांनी आग्रह केल्यावरून आशानांनी 'करुणा' म्हणून दाखविली व मग ते निजावयास गेले, अशी आठवण सांगितली जाते. आठवणी पुढे सजविल्या जातात हे खरे. परंतु ही आठवण केरळाने शंभर वर्षे जपून ठेवली आहे.

बोट उलटली ती रात्रीच्या अंधारात. भरलेली बोट कशी उलटते हे थोडे समजून घेतले पाहिजे, कारण दैवाला दोष देण्याची आपली सवय फार जुनी आहे. नावेचे वजन जितके खाली, तितकी ती स्थिर. मालाची पोती तळाशी रचली तर ती जागची हलत नाहीत; माणूस मात्र हलतो. तो उठतो, वाकतो, कडेला जातो, भ्याला की इतर ज्या बाजूस धावतात त्याच बाजूस धावतो. वळणावर वेगाने वळणारी बोट बाहेरच्या अंगाला झुकते. मर्यादेइतकी माणसे असतील तर ती झुकून पुन्हा सरळ होते. मर्यादेपलीकडे भरली असेल तर ती आधीच पाण्यात खोल बसलेली असते. काठ पाण्याला लागतो, झोपेतली माणसे व सामान एका अंगाला घसरते, आणि मग तिला सावरणारे काही उरत नाही. हे सर्व घडण्यास एखादे मिनिटसुद्धा पुरते. दिवसा असे झाले तर माणूस निदान जागा असतो, उजेड कोठून येतो ते त्याला दिसते. रात्री आतल्या खोलीत निजलेल्याला जाग येते ती पाण्यात, आणि छत पायाखाली व तळ डोक्यावर गेलेला असतो. दार कोणीकडे होते हे आठवण्यास अवकाश नसतो. म्हणूनच पोहता येणारे लोकही अशा अपघातांत मरतात, आणि काठ चार हातांवर असून मरतात. पल्लनेची नदी काही अथांग नव्हे.

आशानांचे शव दोन दिवसांनी सापडले. वय अवघे पन्नास. तेथेच, नदीच्या काठी, त्यांचे अंत्यसंस्कार झाले. घरी तरुण पत्नी भानुमती व दोन लहान मुले. लग्नाला काही थोडीच वर्षे झाली होती.

सरकारने चौकशी केली. बोटीत फाजील माणसे भरली होती ही गोष्ट उघड झाली. परंतु कागदावरच्या उत्तराने लोकांचे समाधान होत नसते. 'दुरवस्था'मुळे ज्यांची मने दुखावली त्यांनी काही केले असेल काय, अशी कुजबूज सुरू झाली व ती पुढे कित्येक वर्षे चालली. या संशयाला आधार मिळाल्याचे दिसत नाही. तरी तो का उद्भवला हे समजण्यासारखे आहे. मोठा माणूस क्षुद्र कारणाने जावा, हे मनाला पटत नाही. चार तिकिटे अधिक फाडण्याच्या लोभाने आपला कवी नेला, यापेक्षा शत्रूने नेला, हे पटणे सोपे असते. खरे भयंकर तर पहिलेच.

ईळव समाजाची हानी मोजणे कठीण आहे. मलयाळी काव्याची जी त्रिमूर्ती मानतात, आशान, उळ्ळूर व वळ्ळत्तोळ, तिच्यातील उळ्ळूर १९४९ पर्यंत व वळ्ळत्तोळ १९५८ पर्यंत लिहिते राहिले. आशानांना अशी पंचवीस-तीस वर्षे मिळती तर काय झाले असते हा प्रश्न केरळातील रसिक अजून विचारतात. परंतु समाजाला कवीपेक्षा दुसऱ्या कोणाची तरी उणीव अधिक तातडीने जाणवली असावी. अपघातानंतर अडीच महिन्यांनी, ३० मार्च १९२४ रोजी, वैकम येथे सत्याग्रह सुरू झाला. तेथील शिवमंदिराच्या भोवतालच्या सार्वजनिक रस्त्यांवरून ईळवांना व त्यांच्याहून खालच्या मानलेल्या जातींना चालण्याची मनाई होती. मंदिरात जाणे दूरच. रस्त्यावरून चालू द्या, एवढेच मागणे. पुढाकार टी. के. माधवन यांचा. पुराच्या दिवसांत स्वयंसेवक छातीइतक्या पाण्यात उभे राहिले. १९२५ च्या मार्चमध्ये महात्मा गांधी तेथे गेले. श्रीनारायण गुरूंनीही आशीर्वाद दिला. पण ज्याने सोळा वर्षे या समाजाचे दप्तर सांभाळले, सरकारदरबारी त्याची बाजू मांडली आणि दोन्ही पक्षांत ज्याच्या शब्दाला वजन होते, तो माणूस नव्हता.

७ फेब्रुवारी १९२५ रोजी हे रस्ते सर्वांना खुले करण्याचा ठराव त्रावणकोरच्या कायदेमंडळात मतास पडला. अनुकूल २१, प्रतिकूल २२. एका मताने ठराव फेटाळला गेला, आणि प्रतिकूल मतांत ईळव समाजातीलच एका सभासदाचे मत होते. आशान हयात असते तर ते मत फिरते, असे म्हणण्याचा कोणाला अधिकार नाही. इतिहासाला अशी गणिते मान्य नसतात. तरीही हे दोन आकडे वाचताना पल्लनेची आठवण न होणे अवघड आहे.

१२ नोव्हेंबर १९३६ रोजी महाराजांच्या जाहीरनाम्याने त्रावणकोरातील सरकारी देवळे सर्व हिंदूंना खुली झाली. त्यानंतर पद्मनाभस्वामींच्या मंदिरात जेव्हा मुरजपाची सांगता झाली, तेव्हा लाख दिवे पाहावयास ईळव व पुलय आत जाऊ शकले.

देवळे खुली झाली. बोटी मात्र भरावयाच्या तशाच भरत राहिल्या. आपल्या मुंबईसमोर १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट सहाशेंहून अधिक माणसांसह बुडाली, तेव्हा गिरगाव, परळ आणि अलिबागेकडील शेकडो घरांत चूल पेटली नाही. केरळात २७ जुलै २००२ रोजी मुहम्म्याहून कुमरकमला जाणारी बोट वेंबनाडात बुडाली व २९ जण गेले. त्यांत नोकरीच्या परीक्षेला निघालेले कितीतरी उमेदवार होते. ३० सप्टेंबर २००९ रोजी तेक्कडीच्या जलाशयात ४५. ७ मे २०२३ रोजी, रविवारी, सूर्य मावळून गेल्यावर, मलप्पुरम जिल्ह्यातील तानूर येथे सहलीची एक बोट उलटून २२ जण मरण पावले. त्यांत एकाच कुटुंबातले अकरा जण होते, आणि मुलांची संख्या फार मोठी होती. तेथेही मर्यादेपेक्षा अधिक माणसे होती, तेथेही अंधार होता. चौकशी तेथेही झाली.

पल्लना नदी अजून त्याच वळणाने वाहते. आशान ज्या घरात राहत ते तोन्नक्कल येथील घर आता राष्ट्रीय स्मारक म्हणून जतन केलेले आहे, आणि शाळांतील मुले तेथे सहलीला येतात. पल्लना येथे नदीकाठी जेथे त्यांचा देह ठेवला त्या जागेला लोक 'कुमारकोडी' म्हणतात. दर वर्षी जानेवारीत तेथे माणसे जमतात, आणि 'करुणा' म्हटली जाते, नावाड्यांच्या त्या लयीत.